तांदळातलं नाव

माझ्या वहिनीला नोकरी मिळत नव्हती, त्याला कारण माझी आई. हे मी आईच्या तोंडावर सांगितलंय, आता तिच्या माघारी सांगते, त्यात चोरी कसली? दोष एकट्या तिचा नव्हता हेही खरं. पण सुरुवात तिने केली.

वहिनी म्हणजे आमच्या श्रीकांतदादाची बायको. आम्ही सबनीस, कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बी.एन.आर.च्या, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेच्या, हेड ऑफिसात कारकून म्हणून लागले आणि हेडक्लार्क झाले. खरं तर बावन्न सालीच त्या रेल्वेचं नाव बदलून ईस्टर्न रेल्वे झालं होतं. पण अण्णांनी ते नवं नाव कधी तोंडातून काढलं नाही. कुणी म्हटलंच तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे.

दादाचं लग्न एकावन्न सालच्या वैशाखात नागपूरला झालं. मुलगी कालिंदी दत्तात्रय पळसुले, मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत बसलेली. उंच, सावळी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. आमच्या आत्याने तेवढ्यावरूनच नाक मुरडलं होतं. मी बारा वर्षांची करवली, मला ती फार आवडली.

आता, आपल्याकडे नव्या नवरीचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, की झालं. जन्मापासूनची एक मुलगी संपली आणि दुसरी सुरू झाली. आई म्हणाली, कालिंदी म्हणजे यमुना, आणि यमुना ही यमाची बहीण. यमाची बहीण घरात नको. मग वृंदा ठरलं. दादाचं अक्षर कागदावरही भयंकर, तांदळात तर विचारूच नका. वहिनीने वाकून पाहिलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय लिहिलंय?" बायका हसल्या. ती हसली नव्हती, हे मला नीट आठवतं.

जूनमध्ये तिच्या वडिलांची तार आली. कालिंदी पहिल्या वर्गात पास. आई दारात तार घेऊन उभी. अण्णांनी वाचून दाखवल्यावर म्हणते कशी, "ही कालिंदी कोण?" मस्करी नव्हती हो! महिन्याभरात ती खरंच विसरली होती. वहिनी आत पोळ्या लाटत होती, तिने लाटणं हातात घेऊनच बाहेर येऊन सांगितलं, "मी."

असो. खरी गोष्ट चोपन्न सालची. पुढच्या मार्चअखेर अण्णा रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं, हा रेल्वेचा नियम. आणि दादाला नोकरी नव्हती. दादा मॅट्रिक थर्ड क्लास, इंटरला दोनदा नापास. रोज सकाळी टाय लावून बाहेर पडायचा, संध्याकाळी टाय सैल करून परत यायचा. त्याची कीव करावी तर ती त्याला चालायची नाही. कलकत्त्यात तेव्हा एका जागेला हजार अर्ज. पूर्व बंगालातून आलेली शिकलीसवरली माणसं पाणी भरायच्या कामाला तयार होती, तिथे आमचा टाय कोण बघतो?

मग ठरलं काय, तर सांगलीला गुरुदत्तकाकांकडे जायचं. काकांचं मोठं घर, मोठं मन, आणि त्याहून मोठं तोंड. पत्रात लिहिलं होतं, "या सगळे. श्यामलेचं आता शिक्षण पुरे, स्थळं बघू." श्यामला म्हणजे मी. मी नववीत होते. स्कूल फायनलला, म्हणजे तिकडच्या मॅट्रिकला, एक वर्ष राहिलं होतं. मी ते पत्र वाचून मोरीत जाऊन रडले. वहिनी कपडे धुवायला आली, मला पाहिलं, आणि म्हणाली, "रडून काय होतंय गं? मी बघते."

त्या रात्रीच्या जेवणात तिने पानावरच विषय काढला. "मामंजी, मी मॅट्रिक फर्स्ट क्लास आहे. मी नोकरी शोधते."

अण्णांचा घास थांबला. आई म्हणाली, "अगं बाई!" दादा म्हणाला, "मला मिळत नाही, तुला कोण देणार?"

"म्हणजे तुम्हाला मिळत नाही म्हणून मी विचारायचंही नाही?"

 अण्णांनी भातावर ताक ओतून घेतलं आणि म्हणाले, "बघू दे प्रयत्न करून." त्यांना वाटलं असेल, दोन महिने हिंडेल आणि दमेल. त्यांना माहीत नव्हतं ही काय चीज आहे.

खिदिरपूरला एका औषधाच्या दुकानावर माडीवर टायपिंगचे वर्ग होते. तिथे ती सहा आठवडे जात होती. मिनिटाला चाळीस शब्दांवर आली. घरी टाइपरायटर नव्हता, तर पोळपाटावर कागद चिकटवून त्यावर अक्षरं काढली आणि भाजी शिजेपर्यंत बोटं आपटत बसायची. वर्गात तिला मीनाक्षी नावाची मैत्रीण मिळाली. मीनाक्षी बारिसालची, फाळणीत सगळं टाकून आलेली. बी.ए. झालेली होती, पण सर्टिफिकेट तिकडेच जळालं, त्यामुळे इथे तिला कुणी बी.ए. मानत नव्हतं.

नोव्हेंबरपासून वहिनी डलहौसीची ऑफिसं पालथी घालायला लागली. खिदिरपूरहून ट्राम धरायची, डब्यात दोन पोळ्या. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये कार्ड काढलं. दरवान दारातूनच हात हलवायचे. एकाने विचारलं, बंगाली लिहिता येतं का. दुसरा म्हणाला, भावाला पाठवा. तिसरा म्हणाला, लग्न झालंय ना, उद्या पाळणा हलेल, मग आमचं काम कोण करणार? वहिनी त्याला म्हणाली, "तुमचं झालंय का लग्न? मग तुमचं काम कोण करतं?" आणि जिना उतरून आली. घरी येऊन हे सगळं ती आवाज काढून करून दाखवायची. मी हसून हसून लोळायचे. आई म्हणायची, "जीभ जरा आवर गं, वृंदे. जिभेने नोकरी मिळत नाही."

"न बोलूनही मिळत नाहीये, आई."

जानेवारीत एका चहाच्या कंपनीने तिला परीक्षेला बोलावलं. अठ्ठावीस जणी होत्या. टायपिंगमध्ये आणि हिशेबात वहिनी पहिली आली. तिथला मुख्य कारकून, सगळे त्याला बडोबाबू म्हणायचे, त्याने कागदपत्रं मागितली. वहिनीने सर्टिफिकेट पुढे केलं. त्याने अर्ज बघितला, सर्टिफिकेट बघितलं, पुन्हा अर्ज बघितला.

"अर्ज मिसेस वृंदा सबनीस यांचा. सर्टिफिकेट कुणा मिस कालिंदी पळसुलेचं. हे काय?"

"दोन्ही मीच. लग्नात नाव बदललं."

"आडनाव बदलतं. आमच्याही बायकांचं बदलतं. पण नाव? नाव कसं बदलेल?"

वहिनीने त्याला ताट, तांदूळ, अंगठी, सगळं समजावलं. सांगता सांगता तिलाच ते विचित्र वाटायला लागलं, असं ती म्हणाली. बडोबाबूने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही म्हणता लग्न झालंय. भांगात सिंदूर कुठे आहे? हातात शंखाच्या बांगड्या कुठे आहेत?"

तिने कपाळावरचं कुंकू दाखवलं, गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं. तो म्हणाला, कुंकू तर आमच्या कुमारिकाही लावतात, आणि काळे मणी म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून. मग त्याने आवाज चढवला. "बहिणीचं सर्टिफिकेट घेऊन आलीस? रोज येतात असल्या! मी पोलिसांत देत नाही हे नशीब समज."

सत्तावीस मुली ऐकत होत्या. वहिनी हलली नाही. म्हणाली, "माझं सर्टिफिकेट माझ्या हातात द्या. आणि काय पुरावा आणला तर चालेल तो लिहून द्या." बाहेर गेल्यावर रडली की नाही ते तिने मला कधी सांगितलं नाही. बडोबाबूने चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, तीन दिवसांत मॅजिस्ट्रेटपुढे नवऱ्याचं शपथपत्र.

आता बघा, किती सोपं काम! दादाने अलिपूरच्या कोर्टात जायचं आणि म्हणायचं, ही माझी बायको, पूर्वी हिचं नाव कालिंदी. एवढंच. पण अण्णा म्हणाले, सबनीसांच्या घरातलं माणूस आजवर कोर्टाची पायरी चढलं नाही. आई म्हणाली, शुभकार्यात दिलेलं नाव कचेरीत नेऊन चिवडायचं म्हणजे अवलक्षण. आणि दादा म्हणाला, "बघू."

या 'बघू'ने आमच्या घराचं जितकं वाटोळं केलंय तितकं कुणीच केलं नसेल. पहिल्या दिवशी बघू, दुसऱ्या दिवशी बघू, तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. खरं दुखणं वेगळंच होतं, ते मला तेव्हाही कळलं होतं. त्याच चहाच्या कंपनीने दादाला ऑगस्टमध्ये दारातून परत पाठवलं होतं.

चौथ्या दिवशी ती जागा दुसरीला मिळाली.

 त्या दुपारी वहिनी मीनाक्षीकडे गेली आणि तिथून आली ती वेगळीच होऊन. मीनाक्षीने तिला सांगितलं होतं, "अगं वेडे, इथे माणसाला नोकरी देत नाहीत, कागदाला देतात. माझ्याकडे मी आहे पण कागद नाही. तुझ्याकडे कागद आहे ना? मग कागदावर जे नाव आहे ते तू हो." 

वहिनीने संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगून टाकलं. "उद्यापासून मी अर्ज करणार ते कालिंदी दत्तात्रय पळसुले या नावाने."

"बापाचं नाव?" आई ओरडलीच. "नवरा जिवंत असताना? लोक काय समजतील? अभद्र!"

"नवरा जिवंत आहे, पण कोर्टात यायला मोकळा नाही. माझ्या वडिलांचं नाव सर्टिफिकेटावर आहे, त्याला कुठे नेऊन उभं करावं लागत नाही."

दादाचे कान लाल झाले. अण्णा म्हणाले, "सूनबाई, एकदा बदललेलं नाव बदललं. मागे जाता येत नाही."

"मामंजी, तुमच्या रेल्वेचं नाव बदलून तीन वर्षं होतील. तुम्ही कुठे नोकरी करता?"

"बी.एन.आर.मध्ये," अण्णा बोलून गेले.

मला हसू फुटलं आणि ठसका लागला. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाण्याचा पेला घेऊन आत पळाले. पण त्यानंतर ते त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. हरलेला डाव त्यांना कळायचा.

आईला कळला नाही. ती वृंदा म्हणून हाक मारायची, वहिनी 'ओ' द्यायची. पण रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज लिहायची, आणि खाली सही करायची के. डी. पळसुले. आई तेवढ्यापुरती उठून जायची. फेब्रुवारी लागला. आम्ही सामान बांधायला घेतलं. माझी पुस्तकं कुणाला द्यायची यावर चर्चा झाली. उत्तर मात्र कुठूनच येत नव्हतं. एकही नाही. नकारसुद्धा नाही.

शेवटी वहिनी एका विमा कंपनीत जाऊन उभी राहिली, माझ्या अर्जाचं काय झालं म्हणून. तिथल्या कारकुनाने फाइल काढली आणि तिच्यापुढे एक पाकीट टाकलं. परीक्षेला या, असं बोलावणं होतं. गार्डन रीचपर्यंत जाऊन परत आलं होतं. वर पोस्टमनने पेन्सिलीने लिहिलेलं, या नावाचं इथे कुणी राहत नाही.

वहिनीने हातापाया पडायचं नाकारलं, पण भांडून दुसरी तारीख मागून घेतली. तिथला साहेब म्हणाला, "ठीक आहे, पत्र पुन्हा पाठवतो. नियमाने पोस्टानेच जाईल. तेही परत आलं तर समजेन की अशी कुणी बाईच नाही."

ती ते पाकीट घेऊन घरी आली. आई मागच्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी गणितं करत होते. वहिनीने पाकीट सुपात टाकलं.

"हे तुम्ही परत पाठवलंत?"

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण पाकीट तिने ओळखलं. हनुवटी वर केली. "पोस्टमनने विचारलं, कालिंदी आहे का. मी म्हटलं, नाही. खोटं बोलले का? या घरात कुणी कालिंदी नाही."

"किती वेळा म्हटलंत?"

आईने दोन खडे वेचले. मग म्हणाली, "दोनदा."

मला अजून आठवतं, वहिनी खाली बसली. ओरडली नाही. सूप स्वतःकडे ओढलं आणि तांदूळ निवडायला लागली. आईलाच ते सहन झालं नाही. तिचा आवाज चढत गेला. "एवढं काय सोनं लागलंय गं त्या नावाला? माझं नाही बदललं? मी काय आकाशातून शारदा म्हणून पडले? माहेरी मी शकुन होते. शकुन! अकराव्या वर्षी या घरात आले आणि शारदा झाले. चाळीस वर्षं झाली. कुणी एकदा तरी शकुन म्हणून हाक मारली का? मेले का मी त्याने?"

वहिनीने एक खडा उचलून अंगणात फेकला.

"तुम्ही नाही मेलात, आई. शकुन मेली."

मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या आईचं नाव शकुन होतं हे मला त्या दुपारी कळलं. आई उठली. पदर झटकला, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. वहिनी दाराशी जाऊन एवढंच म्हणाली, "दुसरं पत्र येईल. तेही परत गेलं तर आपण सगळे सांगलीला. श्यामलेची शाळाही गेली. मी दारात पहारा देणार नाही. तुम्हाला काय सांगायचं ते सांगा." मी तिला म्हटलं, "वहिनी, मी शाळेला दांडी मारते, दारात बसते." तर माझ्यावरच खेकसली, "शाळेसाठीच चाललंय ना सगळं? जा शाळेत!"

आई दोन दिवस बोलली नाही. भाकरी केली, वाढली, पण शब्द नाही. वहिनी नेहमीसारखी सकाळी बाहेर पडायची. तिची अशी जिद्द, की पोस्टमनची वेळ झाली तरी घरी थांबायची नाही. मला तिचा राग आला होता. वाटायचं, अगं, एवढा ताठा कशाला? थांब ना जरा दारात! आता वाटतं, थांबली असती तर ते पत्र मिळालं असतं, पण बाकी काही मिळालं नसतं.

शनिवारी माझी अर्धी शाळा. मी येऊन खिडकीत बसले होते. पोस्टमन आला. म्हातारा बंगाली गृहस्थ, आईला ओळखायचा. हातात लांब पाकीट. तो पायरीवर थांबला आणि जरा कंटाळूनच म्हणाला, पुन्हा तेच नाव, कालिंदी पळसुले, आणि उत्तराची वाट न पाहता कानावरची पेन्सिल काढली.

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.  आई कणकेच्या हातांनी दारात उभी होती. तिने त्या पेन्सिलीकडे पाहिलं. बंगालीचे तिला धड दहा शब्द येत नव्हते, बाजारापुरते.

"आछे," ती म्हणाली.

पोस्टमन बघतच राहिला. म्हणाला, इतके दिवस तर नव्हती.

"आछे, आछे!" आई त्याच्यावर डाफरली. "एखानेई आछे. दाओ!" म्हणजे इथेच आहे, दे, आणि पाकीट ओढून घेतलं. त्यावर कणकेची पाच बोटं उमटली.

वहिनी संध्याकाळी आली तेव्हा पाकीट तिच्या पानाशेजारी ठेवलेलं होतं. आईने ते ठेवलं होतं, आणि स्वतः मुद्दाम देवघरात जाऊन बसली होती. वहिनीने पाकीट पाहिलं, बोटं पाहिली. देवघरात गेली. काय बोलल्या मला माहीत नाही. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि आई तिच्या मागून ओरडत होती, "आता परीक्षेला नीट वेळेवर जा, नाहीतर माझं नाक कापशील!"

मार्चच्या चौदा तारखेला ती कामावर रुजू झाली. फॉर्मवर श्रीमती कालिंदी पळसुले असं लिहिलं, कुंकू लावून, मंगळसूत्र घालून गेली. कुणी काही विचारलं नाही. सगळं खरं सांगून सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा चोर ठरली होती, आता अर्धी गोष्ट सांगितली तर साव. त्या कचेऱ्यांच्या अकलेला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. सांगलीला तार गेली, येत नाही. एप्रिलमध्ये आम्ही भवानीपूरला दोन खोल्यांत आलो. खोल्या अंधाऱ्या, नळ खाली. मला महाल वाटला.

एकदा दादा तिला आणायला तिच्या ऑफिसात गेला, तर साहेबाने हात पुढे केला, "या, या, मिस्टर पळसुले!" दादा तोंड पाडून घरी आला. म्हणाला, "तू त्यांना सांगत का नाहीस?"

वहिनी बटाटे सोलत होती. "मी चार वर्षं वृंदा होते. तुम्ही दोन मिनिटं पळसुले व्हा की."

अण्णा पेपरामागे हसले. पेपर हलत होता. पुढे दादालाही बजबज गावातल्या तेलाच्या डेपोत काम मिळालं, आणि त्याचा टाय सुटला तो कायमचा. माणूस वाईट नव्हता, फक्त लवकर उठायचा नाही. मी स्कूल फायनल झाले, मग इंटर झाले. माझी फी वहिनी स्वतः जाऊन भरायची आणि पावती माझ्या हातात देऊन म्हणायची, "नाव बरोबर आहे का बघ."

घरात मात्र आई तिला वृंदाच म्हणायची. वहिनीने कधी अडवलं नाही. मीच चिडायचे. वहिनी म्हणायची, "जाऊ दे गं, दारात येऊन कुणी विचारलं तर खरं सांगतात ना? बस झालं."

एकोणसाठ साली माझं लग्न ठरलं. मनोहर फोर्ट विल्यमला लष्कराच्या कचेरीत होते, माणसं पुण्याची. लग्न महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये. मनोहर मेसमध्ये राहायचे, नवऱ्याचं घर असं कलकत्त्यात नव्हतंच, म्हणून लक्ष्मीपूजनही तिथेच मांडलं. खरं म्हणजे तिथे मुलीच्या आईचं काही काम नसतं. पण एकाच हॉलमध्ये कोण कुणाला कुठे पाठवणार? आई मागे खांबाला टेकून उभी होती.

ताटात तांदूळ पसरले. मनोहरांच्या हातात अंगठी दिली. माझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आम्ही स्मिता ठरवलंय. मुलगी हसरी आहे ना."

मी हसरी वगैरे काही नव्हते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"कालिंदीऽ! अगं, अंगठी थांबव त्यांची!"

वहिनी पेढ्यांचं ताट घेऊन चालली होती, ती जागच्या जागी उभी राहिली. आठ वर्षांत आईने पहिल्यांदा त्या नावाने तिला हाक मारली होती. तिने ताट कुणाच्या तरी हातात कोंबलं. तोवर आई स्वतःच पुढे आली होती.

"विहीणबाई, रागावू नका. पण ती श्यामला आहे, श्यामलाच राहू द्या. तिच्या सगळ्या सर्टिफिकेटांवर तेच आहे. उद्या नोकरीला गेली तर कुठे कोर्टकचेऱ्या करत बसणार?"

सासूबाई गोंधळल्या. "अहो, पण रीत आहे. पूजा मांडलीय, तांदूळ पसरलेत. ताटात काहीतरी लिहायला नको का?"

"लिहा ना," आई म्हणाली. "शकुन लिहा. पंचेचाळीस वर्षं ते नाव रिकामंच पडलंय."

कुणाला काही कळलं नाही. कुणी हसलं, कुणी शकुन म्हणजे शुभच की म्हणालं, भटजींनी घड्याळ पाहिलं. मनोहरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी अंगठीने तांदळात लिहिलं, शकुन. दादापेक्षा त्यांचं अक्षर पुष्कळ बरं होतं.

आई वाकली. तिला वाचायला नेहमीच वेळ लागायचा. तिने तांदळाला न लावता एकेका अक्षरावरून बोट फिरवलं, दोनदा. मग भटजी ताट उचलायला लागले तर त्यांना म्हणाली, "राहू द्या जरा. काय घाई आहे?"